सात चाळीसची हजेरी

२२ नोव्हेंबर १९९३, सोमवार

आठ आठवडे या वहीला हात लावला नाही, त्याबद्दल वहीची माफी मागायला हवी. भूकंपानंतर लाईनवर निरोपांची रीघ लागली होती, घरी येऊन पेन धरवत नव्हतं, असं कारण लिहिणार होतो. ते अर्धंच खरं आहे. लिहायला बसलं की किती बोटं मिटतात ते पेनाला कळतं, आणि मग मलाही कळतं. म्हणून टाळलं. आज बायकोने, म्हाळसाने, पेनाला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून दिली. जाड पेन धरवतं. सदऱ्याची बटणं ती लावतेच. आता पेनही तिने धरायला दिलं.

खंड पडला आहे, तेव्हा सगळं नीट लिहून काढतो.

चितेगावच्या कारखान्यात मी टेलिप्रिंटर चालवतो. इथं कळ दाबली की मुंबईच्या हेड ऑफिसात आणि नागपूरच्या डेपोत तेच अक्षर त्याच क्षणी कागदावर उमटतं. लाईन कंपनीने भाड्याने घेतलेली, चोवीस तास उघडी. दुसरी सोय फितीची. मजकूर आधी कागदी फितीवर भोकं पाडून घ्यायचा, लागेल तेवढा वेळ लावायचा, चुकलं तर फाडून नवी फीत घ्यायची. मग ती यंत्रात लावली की एकाच चालीने सरसर निघून जाते. फितीला दुखत नाही. संधिवात बोटांत उतरल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, माझी नोकरी फितीवर चालली आहे. कार्यालयात हे कुणाला माहीत नाही.

लाईनवर माहीत आहे. रोज सकाळी सात चाळीसला लाईन तपासायची असते. तिन्ही ठिकाणांनी चार अक्षरं पाठवायची, एवढाच नियम. तीन वर्षांपूर्वी एकदा मुंबईच्या सकाळच्या ऑपरेटर बाईंनी विचारलं, चितेगाव, तुमची उजव्या हाताची अक्षरं उशिरा का येतात? मी खरं सांगितलं. त्यांनी विचारलं, आज किती बोटं मिटतात? मी लिहिलं, सात. त्यांनी लिहिलं, मला आज पाच. त्यांच्या मूत्रपिंडांचं दुखणं. दिवसाला किती पेले पाणी प्यायचं ते डॉक्टर ठरवून देतात. नागपूरवाल्याला दमा. डेपोच्या बेचाळीस पायऱ्यांपैकी किती न थांबता चढला, ते तो कळवतो. तेव्हापासून रोज तीन आकडे. आम्ही एकमेकांना पाहिलेलं नाही, नावंही ठाऊक नाहीत. मुंबई, नागपूर, चितेगाव, एवढंच. पण ज्या दिवशी नागपूर दहावर येतो त्या दिवशी मला डबा जात नाही.

आज: मुंबई ५. नागपूर ३१. मी ६ कळवले. खरे ५.

एक वाढवून सांगितला. मुंबईचं परवाच ३ होतं, तिला आपल्या बोटांची भर कशाला?

२७ नोव्हेंबर, शनिवार

विद्यापीठाच्या नामांतरासाठी नांदेडला एका कार्यकर्त्याने स्वतःला पेटवून घेतलं. कंपनीच्या बसमध्ये हर्सूलपासून चितेगावपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. पुढच्या चार बाकांवरचे आणि मागच्या चार बाकांवरचे खिडकीबाहेर बघत बसले.

दुपारच्या पाळीला साहेबराव आला. माझ्यानंतर यंत्रावर तोच बसतो. सोळा वर्षं तो विद्यापीठाच्या नावाची वाट बघतो आहे. त्याच्या थोरल्या भावाचं घर अठ्ठ्याहत्तर साली जळलं. आज त्याचे डोळे लाल होते. त्या साली आमच्या गावातल्या वस्तीवर दगड पडले तेव्हा मी मेंढरांच्या वाड्याची कवाडं लावून आत बसलो होतो. बीए होऊन सहा वर्षं झाली होती. बाप म्हणाला, आपल्याला काय करायचं, आणि मला ते पटलं.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी, चांगली नाही तरी. माझ्या चुकलेल्या फिती मी टेबलाखालच्या टोपलीत टाकतो. झाडणारी कडूबाई आठवड्यातून दोनदा येते. पण टोपली रोज सकाळी रिकामी असते. साहेबराव त्या कुठंतरी नेतो. माझ्या चुका गोळा करून ठेवत असेल का? हा संशय मला दुसऱ्या कुणाबद्दल आला असता का, हेही विचारून पाहिलं. उत्तर लिहिण्याजोगं नाही.

कळवले ६. खरे ५.

९ डिसेंबर, गुरुवार

हेडक्लार्क सर्जेरावांनी आम्हा दोघांना बोलावून नोटीस वाचून दाखवली. फॅक्स आणि कॉम्प्युटर येणार. ऑपरेटर एकच राहील, दुसरा गोदामात. सतरा जानेवारीला गतीची परीक्षा. मजकूर मुंबईहून सीलबंद पाकिटात येईल, नऊ वाजता फोडायचा, लाईनवर हाताने पाठवायचा, आणि मुंबईत साहेब घड्याळ लावून बसतील. मिनिटाला चाळीस शब्दांच्या खाली ज्याची गती, त्याची कंपनीच्या डॉक्टरकडून तपासणी.

तपासणी म्हणजे 'अनफिट'. अनफिट म्हणजे गोदामही नाही, घर.

साहेबराव बाहेर आल्यावर म्हणाला, "केरबाराव, तुम्ही शिनियर. तुमच्यासमोर मी काय टिकणार?" हे तो खरंच म्हणाला की चिडवून, ते मला कळलं नाही.

म्हाळसाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, पण भाकरी फाटली.

कळवले ६. खरे ४.

१४ डिसेंबर, मंगळवार

सर्जेरावांनी कागदाचा रोळ उलगडून विचारलं, हे सहा, चार, अठ्ठावीस काय आहे? मी म्हणालो, लाईन टेस्ट. ते म्हणाले, टेस्टला रोज निराळे आकडे कशाला? रोज तोच आकडा आला तर लाईन अडकलेली आहे की चालू, ते कळत नाही, असं मी सांगितलं. त्यांना ते इतकं पटलं की त्यांनी ते नोंदवहीत उतरवून घेतलं.

खोटं बोललो का? तिन्ही आकडे लाईन चालू आहे की नाही हेच सांगतात. पण त्यांना जे समजलं ते मला म्हणायचं नव्हतं. म्हणजे खोटंच.

नागपूरला सांगितल्यावर त्याने लिहिलं, "बाप्पा, मले तं डेपोवाले इचारतेत का पायऱ्यायचा स्टॉक इतका कमी कसा झाला." मुंबई हसली. ती हसली की फक्त घंटी वाजवते, दोनदा.

२१ डिसेंबर, मंगळवार

आज हजेरी झाल्यावर नागपूर लाईनवरून उतरला, मुंबई थांबली. तिने लिहिलेलं इथं उतरवतो, कारण रोळाचा तो तुकडा मी फाडला आहे.

"चितेगाव, ऐका. परीक्षेचा मजकूर टाइप करायला याच आठवड्यात माझ्याकडेच येणार. आदल्या कामाच्या दिवशी सात चाळीसला मी तो पाठवते. तुम्ही निवांत फीत करून ठेवा. नऊला लावून द्या. इथं साहेबांना फक्त वेग दिसतो, हात दिसत नाही."

दाराशी सर्जेराव खुर्ची टाकून बसतील, पण फीत आणि कळपाट यांतला फरक त्यांना अजून कळलेला नाही. म्हणजे होण्यासारखं आहे. होण्यासारखं आहे हेच वाईट.

उत्तर दिलं नाही. उद्या बोलू, एवढंच लिहिलं.

कळवले ६. खरे ४. डाव्या हाताची करंगळी आता मोजत नाही.

२४ डिसेंबर, शुक्रवार

तीन रात्री विचार केला. माझ्या बाजूने: पंधरा वर्षं होत आली, एक निरोप चुकवला नाही. बोटं गेली हा गुन्हा नाही. साहेबराव धाकटा आहे, गोदामातही तो टिकेल. विरुद्ध बाजूने: त्याच्याकडे फीत नसेल.

आज लिहिलं, नको. तुमच्यावर बालंट येईल. हे दुसरं कारण मी पहिलं म्हणून लिहिलं.

मग तिची अक्षरं आली, फार हळू, मध्ये मध्ये थांबत. "बरं. तुमची मर्जी. पण मला परीक्षेचा निकाल कळायला हवा, काय वाटेल ते झालं तरी." पाण्याचा आकडा विचारला तर म्हणाली, दोन. दोन मी तिच्याकडून कधी ऐकलेलं नव्हतं.

२८ डिसेंबर, मंगळवार

काल मुंबई हजेरीला नव्हती. आज ठीक सात चाळीसला आली. "मुंबई ४. सगळं ठीक. काम आहे, नंतर बोलू." एकही चूक नाही, एकही अडखळ नाही. दोनवरून चारवर म्हणजे औषध लागू पडलं. मनावरचं ओझं उतरलं.

पण मी काही विचारायच्या आत गेली. रागावली असणार. मदतीचा हात मी झटकला, तेही तिच्या काळजीचं नाव पुढे करून.

कळवले ६. खरे ४.

३ जानेवारी १९९४, सोमवार

मुंबई ४. सलग सहावा दिवस. प्रकृती स्थिरावली. पण बोलणं तेवढंच, "सगळं ठीक, काम आहे." घड्याळ लावून घ्यावं इतकी वेळेवर येते आणि जाते. नागपूर म्हणतो, "मुंबई आता सरकारी झाली बाप्पा." त्याची ३१ डिसेंबरची शुभेच्छाही तिने घेतली नाही.

संध्याकाळी बसमधून उतरून गुलमंडीवर गेलो, म्हाळसाला शेक घ्यायची रबरी पिशवी हवी होती. अर्थात माझ्यासाठीच. दुकानदाराशी दोन गिऱ्हाइकं नावावरून वाद घालत होती. एक म्हणत होता, या वेळी होणारच. दुसरा म्हणाला, होऊ दे तर, मग बघू. दुकानदाराने वाद थांबेपर्यंत कपाटाची काच पुसली. मी पिशवी घेऊन बाहेर पडलो.

७ जानेवारी, शुक्रवार

आज मीच आधी लिहिलं. इथं तंग आहे, चौकाचौकांत पोलीस आहेत, विद्यापीठाच्या नावाचं या आठवड्यात काहीतरी ठरणार म्हणतात. तुम्हाला काय वाटतं? उत्तर: "मुंबई ४. सगळं ठीक. काम आहे, नंतर बोलू."

नावाचा विषय काढायला नको होता. तिचं नाव मला माहीत नाही, घराणं माहीत नाही. कुणाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं असेन कोण जाणे. चारचौघांत न बोलणारा मी, तिला मात्र सहज विचारून बसलो.

परीक्षेला दहा दिवस. पहाटे गरम पाण्यात हात धरले तरी सातला चारच बोटं. नऊपर्यंत पाच होतात. चाळीस शब्दांना आठ तरी हवीत.

कळवले ६.

११ जानेवारी, मंगळवार

पैठण रोडवर कुणीतरी केबल तोडली. काम चाललेल्या खड्ड्यात जेसीबीने, असं सर्जेराव म्हणाले. मुद्दाम, असं बसमधले म्हणाले. दुपारी बारापर्यंत लाईन मेली होती. आज हजेरी नाही.

तीन वर्षांत पहिल्यांदा सकाळी कुणाला आकडा द्यायचा नव्हता. खरा आकडा तोंडाने मोजून पाहिला. तीन.

१४ जानेवारी, शुक्रवार, संक्रांत

बस अर्धी रिकामी. साहेबरावाची रजा. सकाळी मुंबई ४, सगळं ठीक, काम आहे. संक्रांतीचा शब्द नाही. दर वर्षी ती तिळगूळ पाठवते, म्हणजे तसं लिहिते आणि घंटी वाजवते. आज नाही. वाईट वाटलं.

संध्याकाळी बातमी आली. विद्यापीठाचं नाव बदललं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. एका बाजूने फटाके ऐकू येत होते, दुसरीकडे दुकानांची शटरं पडत होती. म्हाळसा दाराशी उभी राहून दोन्ही ऐकत होती. मला म्हणाली, "तुमच्या साहेबरावाला उद्या तिळाचे लाडू न्याल का?" मी म्हणालो, नेईन. मग मनात आलं, आधी का नेले नाहीत?

१५ जानेवारी, शनिवार

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करतो. बोटं थांबली तर उद्या पुरं करीन.

सात चाळीस. मुंबईचं यंत्र सुरू झालं. "आज संक्रांत. चितेगाव, नागपूर, तिळगूळ घ्या, गोड बोला. मुंबई ४." दोन घंट्या.

संक्रांत काल झाली.

मग रोळ मागे उलगडला, पार अठ्ठावीस डिसेंबरपर्यंत. चार, चार, चार. तीच वाक्यं, तोच स्वल्पविराम. आणि ती चाल आठवली, एकसारखी, न थांबणारी. तीन वर्षं जी चाल मी सगळ्या कंपनीला हात म्हणून खपवली, ती तिच्याकडून आल्यावर मला प्रकृती वाटली. सर्जेरावांना मीच सांगितलं होतं, रोज तोच आकडा आला तर लाईन अडकलेली.

केबल तुटली त्या दिवसाची फीत राहिली, दुसऱ्या दिवशी लागली. तेव्हापासून सगळ्या एक दिवस मागे.

मी घंटी वाजवली. दहा, वीस वेळा. कोण आहे तिकडे, असं लिहिलं. बऱ्याच वेळाने एकेक अक्षर येऊ लागलं. माझ्यापेक्षाही सावकाश.

"मैं मुख्तार. चपरासी. धीरे लिखता हूं."

मग अर्धा तास तो लिहीत होता. अख्तरी बी सत्तावीस तारखेपासून दवाखान्यात आहेत. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुतात. जायच्या आधी त्यांनी सतरा फिती करून खिळ्याला अडकवल्या आणि सांगितलं, रोज सात चाळीसला एक लावायची, रविवार सोडून. चितेगावचं इम्तिहान आहे, तोवर त्यांच्या जिवाला घोर नको. रोज संध्याकाळी मुख्तार कागदाचा तुकडा फाडून दवाखान्यात नेतो आणि आमचे आकडे वाचून दाखवतो.

"नागपूर का सुनके हंसती. चितेगाव का सुनके बोलती, झूठा."

मी माझं नाव लिहिलं. केरबा. सांगा, केरबाने विचारलं आहे. अख्तरी हे नाव मी तीन वर्षांनी पहिल्यांदा पाहिलं, तेही दुसऱ्याच्या बोटाने लिहिलेलं.

मग त्याने विचारलं, एक फीत बाकी आहे. मोठी आहे. बी म्हणाल्या होत्या, इम्तिहानाच्या आधी चितेगावला. चलाऊं?

मला माहीत होतं ती कसली. नको म्हणून मी तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं. मी 'नको' लिहायला हात उचलला. आजारी माणसाने जाता जाता केलेली वस्तू न पाहता परत पाठवायची का, असा एक विचार आला, आणि तो मला फार सोयीचा वाटला.

'चलाव' असं लिहिलं.

दोनशे शब्द आले. कोळशाच्या साठ्याबद्दलचा मजकूर.

दुपारी पाळी संपली तरी उठलो नाही. दार लोटून घेऊन फीत पाडायला बसलो. दोन फिती चुकल्या, तिसरी जमली. ती गुंडाळत होतो तेवढ्यात साहेबराव आत आला. खांद्यावर गुलाल, हातात पेढ्यांचा पुडा. त्याने पुडा पुढे केला, मी लाडूंचा डबा. दोघांनीही अभिनंदन म्हटलं नाही. त्याची नजर फितीवर गेली, मग कागदावर.

"पेपर हाय का हा?" त्याने विचारलं.

मी मान हलवली. खोटं सुचलं नाही.

त्याने टोपलीतल्या चुकलेल्या दोन फिती उचलल्या, घडी करून खिशात घातल्या. नेहमीची सवय असावी असा.

मी विचारलं, या तुम्ही कुठं नेता?

"घरी. चुलीत." तो म्हणाला. "सर्जेराव टोपलीत डोकावतेत, केरबाराव. रोज दोन हात लांब फीत वाया दिसली तर इचारतील नाय का? तीन वर्षं झाली, माझी बायको म्हणती तुमच्या हापिसातल्या कागदावर चहा लई लवकर उकळतो."

तो कागद मी त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणालो, तुम्हीही बघा, म्हणजे दोघं सारखे.

"नगं," तो म्हणाला. "आमचं नाव सोळा वर्षांनी लागलं, ते बी अर्धंमुर्धं, पण उजेडात लागलं. म्या हे बघणार नाय. तुम्ही लावा का नका लावू. म्या आधी बोललो नाय, आता बी बोलणार नाय."

मग खुर्चीवर बसून त्याने यंत्राची धूळ पुसली, आणि बस निघेपर्यंत आम्ही पेढे खाल्ले.

१६ जानेवारी, रविवार

दिवसभर फीत सदऱ्याच्या खिशात. म्हाळसाने सदरा धुवायला मागितला, दिला नाही. तिने विचारलं नाही.

साहेबांपुढे जाऊन सांगावं, मजकूर पाहिला आहे, दुसरा द्या? मग विचारतील, कुणी दिला. अख्तरीबाईंची नोकरी दवाखान्याच्या खाटेवर जाईल, आणि नोकरीबरोबर कंपनीचा औषधपाणी खर्च. खरं बोललो तर ती मरते, खोटं बोललो तर साहेबराव. तिसरा रस्ता दिसत नाही.

१७ जानेवारी, सोमवार

आज हजेरीला मी आकडाच दिला नाही. मुख्तारचा एक शब्द आला, "दुआ." नागपूरचा, "लढ बाप्पा." त्याला शनिवारीच सगळं कळलं आहे, आज तो नऊ पायऱ्या चढला.

साहेबरावाला मुद्दाम सकाळी बोलावलं होतं. नऊ वाजता आधी त्याची परीक्षा झाली. त्रेपन्न शब्द. मग तो बाहेर आला, मी आत गेलो. सर्जेराव दाराशी खुर्ची टाकून बसले, पाकिटातला कागद माझ्यासमोर ठेवला. तोच मजकूर. फीत खिशात. लावायला दोन सेकंद लागतात.

तेवढ्यात साहेबराव चहाची किटली आणि पातेलं घेऊन परत आला. किटलीत चहा नव्हता, गरम पाणी होतं. पातेल्यात ओतून टेबलावर ठेवलं. सर्जेरावांनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "थंडी हाय साहेब. परीक्षेला हात गरम पाहिजेत." मग मला हळूच, "बुडवा. पाच मिनिटं हायत अजून." आणि दार लावून गेला.

मी प्रामाणिक आहे म्हणून फीत लावली नाही, असं लिहायचा मोह होतो. खरं एवढंच की मी हात पाण्यात घातले, आणि ओल्या हातांनी फीत काढता येत नाही. ती भिजते, अडकते. पाच मिनिटांनी हात पुसले आणि कळांवर ठेवले. पाहिलेल्या मजकुराचा हातांना काही उपयोग नाही, हेही तेव्हाच कळलं. त्यांना प्रत्येक अक्षर नवीनच होतं.

सतरा शब्द मिनिटाला. चौदा चुका. उजव्या हाताची सगळी अक्षरं उशिरा.

मजकूर संपल्यावर मुंबईहून साहेबांनी लिहिलं, चितेगाव, यंत्र बिघडलं आहे का?

मी लिहिलं, "यंत्र ठीक आहे. हात."

मग आलं, समजलं. वैद्यकीय तपासणी गुरुवारी.

सर्जेराव दाराशी उभे होते. त्यांनी पातेलं उचलून स्वतः बाहेर नेऊन ओतलं. म्हाळसाला घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "तीन वर्षं मी बटणं लावते. मला वाटलं होतं तुम्हाला माहीत आहे की मला माहीत आहे." गुरुवारी ती बरोबर येणार आहे. डॉक्टर काय लिहील ते गुरुवारी कळेल. गोदाम, की घर.

त्याआधी, कार्यालयातच, न वापरलेली फीत मी टोपलीत टाकली. मग वाकून उचलली, आणि साहेबरावाच्या हातात दिली. त्याने लांबी बघितली. "दोन चहा होतील," म्हणाला.

निघण्याआधी मुंबईचं यंत्र एकदा वाजलं. मुख्तार. तो दुपारच्या सुट्टीत दवाखान्यात जाऊन आला होता, परीक्षेचा कागद घेऊन. चौदाही चुका त्यांनी बोट ठेवून मोजल्या म्हणे, आणि दोनदा हसल्या. मग विचारलं, "असली आकडा कितना?"

मी उत्तर लिहिणार होतो, पण बस लागली.

उद्या: सात चाळीसला खरा आकडा कळवणे.